इथे आधी कुणीतरी येऊन गेलंय

४ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसभर दुसऱ्यांच्या गाठी तपासणाऱ्या बाईच्याच घरात गाठ निघाली, तर तिनं बोलायचं कुणाशी? घरी तोंड उघडलं की नवरा घाबरतो. लॅबमध्ये बोलावं तर सगळे माना वाकड्या करून हळहळतात, आणि ते मला सहन होत नाही. म्हणून आजपासून इथे लिहिणार.

काल सासूबाईंच्या मूत्राशयातली गाठ काढली. काढली म्हणजे हाताला लागली तेवढी खरवडली. पोट न उघडता, लघवीच्या वाटेनंच दुर्बीण घालून, तुकडे तुकडे करून. दोनेक आठवड्यांपूर्वी त्यांच्या लघवीतून रक्त गेलं. दुखणं नाही, जळजळ नाही. त्यांनी चहा पिता पिता सांगितलं, "लाल सिग्नल पडलाय. बघा काय करायचं ते." सासूबाई बस आगारात कंट्रोलर होत्या. उभी हयात गाड्या वेळेवर सोडण्यात गेली, त्यामुळे घरातही आम्ही सगळे गाड्याच आहोत.

सर्जन म्हणाला, गाठीचं बूड रुंद आहे, रूप बरं दिसत नाही. मग त्यानं विचारलं, "आजी, आधी कधी ऑपरेशन?" सासूबाई म्हणाल्या, "अंगावर एक टाका नाही." नणंद शेजारीच बसली होती, पण ती सारखी खिडकीबाहेर बघत होती. आईच्या आजारपणात एवढं तटस्थ कसं राहता येतं कोण जाणे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

लॅबमध्ये आलेल्या तुकड्यांच्या बरणीवर माझंच आडनाव होतं. रोज शेकडो बरण्या येतात, पण हिच्यावरचं नाव मी तीनदा वाचलं.

आमच्या विभागप्रमुखांना सगळे पाठीमागे 'सावकाश सर' म्हणतात, कारण कुणी घाईनं काही सांगायला गेलं की त्यांचा पहिला शब्द तोच असतो. ते म्हणाले, "सावकाश. घरच्या माणसाची स्लाइड आपण बघत नसतो. मी बघतो. तू समोर बस." आमच्याकडे दोघांना एकदम बघता येईल असा मायक्रोस्कोप आहे. मी समोर बसले.

मूत्राशयाचा कॅन्सर बहुतेक वेळा आतल्या अस्तरातून निघतो. तो मी झोपेतसुद्धा ओळखीन. इथे अस्तर जवळजवळ जागेवर होतं, आणि सगळा धिंगाणा त्याच्या खालच्या, आधार देणाऱ्या थरात होता. पेशी लांबट, मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळत्या, विरळ खळीत सोडलेल्या दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या पसरलेल्या. मध्येमध्ये सुजेच्या पेशींची गर्दी. दुभंगणाऱ्या पेशी भरपूर. आणि काही थेट स्नायूत घुसलेल्या.

सर स्लाइड पुढेमागे सरकवत राहिले. आम्हा दोघांच्या डोक्यात तीच तीन नावं असणार. अस्तराचाच कॅन्सर, पण वेषांतर केलेला. नाहीतर सार्कोमा, म्हणजे स्नायूतून उठणारा कॅन्सर. या दोन्हींत मूत्राशय काढावं लागतं. आणि तिसरी एक दुर्मीळ गाठ, जी दिसते या दोघांसारखी, पण असते निरुपद्रवी. ती खरवडली की पुरतं.

"सर, एकही दुभंगणारी पेशी वेडीवाकडी नाही. कॅन्सरमध्ये सहसा असतात," मी म्हटलं.

"पण स्नायूत शिरल्यात," ते म्हणाले. "स्टेन करू, रंग लावून पेशींची ओळख पटते का बघू. तोवर घरी काही बोलू नकोस."

७ नोव्हेंबर, शुक्रवार

घरात पाऊल टाकते तोच सासूबाईंनी विचारलं, "काच बघितलीस?" त्या स्लाइडला काच म्हणतात.

"सर बघतायत, आई."

"सरांचं नाही विचारलं. तू बघितलीस का?"

"बघितली. अजून काही सांगता येत नाही."

"एवढी शिकलीस, आणि सांगता येत नाही?" असं म्हणून त्यांनी टीव्ही लावला. हा टोमणा मला रात्रभर पुरला. माझ्या शिक्षणावर त्यांचा विश्वास कधी नव्हताच. आजारी पडल्यावर तरी माणूस जरा मऊ होईल, असं वाटलं होतं.

नवरा मात्र मऊ होऊन पार लगदा झालाय. भांडी घासता घासता मध्येच थांबतो आणि नळ तसाच वाहत राहतो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

केरॅटिनचा स्टेन पॉझिटिव्ह आला.

केरॅटिन हे अस्तराच्या पेशींचं ओळखपत्र. ते या लांबट पेशींच्या खिशात सापडलं, म्हणजे हा अस्तराचाच कॅन्सर, रूप बदलून आलेला, असा सरळ अर्थ निघतो. सरांनी तोच काढला. पण मूत्राशयात हे ओळखपत्र खोटंही असतं. त्या तिसऱ्या, निरुपद्रवी गाठीच्या पेशीसुद्धा ते खुशाल खिशात घेऊन फिरतात. मी हे बोलून दाखवलं. सर म्हणाले, "माहीत आहे मला. पण हा रिपोर्ट दुसऱ्या कुणाच्या सासूचा असता, तर तू इतकी भांडली असतीस?"

मला जे दिसतंय ते खरंच आहे, की मला ते दिसायला हवंय? आजवर असा प्रश्न कधी पडला नव्हता. डोळे हेच माझं भांडवल, आणि आता त्यांचाच भरवसा वाटेना.

एएलके नावाचा आणखी एक स्टेन बाकी आहे. तो पॉझिटिव्ह आला तर तिसऱ्या गाठीचं पारडं जड होईल. सगळा जीव त्यात अडकलाय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सर्जननं बोलावलं होतं. सरांनी त्याला तोंडी कल्पना दिली होती: कॅन्सरची दाट शक्यता, अंतिम रिपोर्ट बाकी. सर्जननं कागदावर चित्र काढून समजावलं. मूत्राशय काढायचं, आतड्याचा तुकडा घेऊन लघवीसाठी पोटावर वाट करायची, बाहेर पिशवी चिकटवायची. तारीख धरून ठेवू म्हणाला, रिपोर्ट आला की लगेच. सासूबाई ते चित्र असं बघत होत्या, जणू तो बसचा एखादा नवा, चुकीचा आखलेला मार्ग असावा.

"हिनं बघितलंय का हे?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"त्यांचे सर बघतायत, आजी. फार अनुभवी आहेत."

"असतील. हिनं काय सांगितलं?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर्जनसमोर माझी परीक्षा घ्यायची काय गरज होती? मी पुटपुटले, "अजून एक स्टेन यायचाय."

"मग येऊ दे."

सर्जननं संमतीचा कागद पुढे सरकवला. सही आज करून ठेवली तर पुढचं सोपं जाईल म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, "चष्मा घरी राहिलाय." चष्मा त्यांच्या गळ्यातच लटकत होता. नवऱ्यानं दाखवला, तर म्हणे, "हा जवळचा नाही." हट्टाची हद्द असते!

१७ नोव्हेंबर, सोमवार

एएलके निगेटिव्ह.

स्टेन बिघडला असेल म्हणून सोबतची ताडून बघायची स्लाइड तीनदा पाहिली. ती झकास रंगलेली. म्हणजे स्टेन बरोबर, उत्तर नाही.

तसं निगेटिव्ह आल्यानं काही सिद्ध होत नाही. तिसऱ्या गाठीतल्याही कितीतरी निगेटिव्ह येतात. पण हातातली फांदी तर सुटलीच. सर म्हणाले, दोन दिवसांत रिपोर्टवर सही करावी लागेल. सर्जन घाई करतोय, आणि खरंच कॅन्सर असेल तर त्याची घाई योग्यच आहे. उशीर झाला तर तो माझ्यामुळे होईल. ही भीती दुसरीपेक्षा मोठी, की दुसरी हिच्यापेक्षा? एकीकडे चांगलं मूत्राशय कापून टाकायचं, दुसरीकडे कॅन्सरला आठवडाभर मोकळं रान द्यायचं.

नवऱ्याला स्वयंपाकघरात सांगितलं. तो ओट्याला टेकला आणि म्हणाला, "तू फक्त हो की नाही ते सांग ना."

"ते सांगता आलं असतं तर सांगितलं नसतं का?"

"इतकी वर्षं काय बघतेस मग त्या नळीतून?"

लगेच माफी मागितली बिचाऱ्यानं. पण घाव बसायचा तो बसलाच. सासूबाईंच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. त्यांनी ऐकलं असणार. जेवताना त्यांनी मुलाला उगाचच फैलावर घेतलं, पाणी सांडलं म्हणून. आमच्या भांडणाचा राग आला असावा.

खरं सांगायचं तर मलाही त्यांच्यावर जुना राग आहे. जुलैच्या शेवटी माझं बाळ पोटातच गेलं. जेमतेम तिसरा महिना संपत होता. मी अंथरुणात पडून होते आणि डॉक्टरांनी हलायचं नाही म्हणून बजावलं होतं. त्याच आठवड्यात सासूबाईंनी बॅग भरली आणि लेकीकडे निघून गेल्या. नातवाच्या परीक्षा आहेत म्हणाल्या. दाराशी एवढंच बोलल्या, "पडून राहा." चांगल्या तीन आठवड्यांनी परतल्या त्या फुगलेल्या चेहऱ्यानं, पाय ओढत. माझ्याशी धड बोलल्याही नाहीत, संध्याकाळीच झोपून जायच्या. त्या बाळाबद्दल आजवर एक अक्षर नाही. आणि आता त्यांच्याच पेशींसाठी मी सरांशी भांडतेय.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज सकाळी तंत्रज्ञाकडून त्याच तुकड्यांचे आणखी खोलवरचे काप करून घेतले. सरांना विचारूनच. ते म्हणाले, "शेवटचं बघून घे."

चौथ्या स्लाइडवर थांबले. गाठीच्या एका कडेला स्नायूचा मेलेला, जळकट तुकडा होता. त्याच्याभोवती मोठ्या, अनेक केंद्रकांच्या पेशी जमल्या होत्या. शरीरात कचरा राहिला की तो गिळायला येतात त्या. शेजारी जुन्या रक्ताचे तपकिरी कण आणि व्रणाची पांढुरकी ऊती. ही तीन तारखेची जखम नव्हे. त्या दिवशी तर हे तुकडे बाहेरच आले. ही त्याच्या कितीतरी आधीची, भरत आलेली जखम.

सरांना हाक मारली. "सर, इथे आधी कुणीतरी येऊन गेलंय."

ते बसले. नेहमीपेक्षाही सावकाश बघितलं. "रक्त गाठीतूनही झिरपतं."

"आणि जळलेला स्नायू?"

त्यांनी डोळे वर केले. "मूत्राशयात दुर्बीण घालून काही केलं, तर ती जखम भरताना कधीकधी अशीच गाठ उठते. दोन-तीन महिन्यांत. त्या तिसऱ्या गाठीचंच भावंड म्हण. हुबेहूब सार्कोमा वाटते, आणि नसते. पण हिस्टरीत तर काही नाही."

"नाही. त्या म्हणाल्या, अंगावर टाका नाही."

"हिस्टरी म्हणजे पेशंटनं सांगितलेली गोष्ट. पुन्हा विचार."

२० नोव्हेंबर, गुरुवार

काल घरी गेले तर सासूबाई झोपल्या होत्या. उठवायचा धीर झाला नाही. आज सकाळी लॅबमधून नणंदेला फोन केला. "ताई, आई ऑगस्टमध्ये तुमच्याकडे होत्या तेव्हा त्यांना काही झालं होतं का?"

तिला एकदम रडूच फुटलं. "मला शपथ घातली होती गं तिनं. तूच विचार तिला. मी सांगितलं असं म्हणू नकोस."

अर्धी रजा टाकून घरी गेले. सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. मी चप्पलही न काढता विचारलं, "आई, तुमच्या मूत्राशयात दुर्बीण घातली होती ना? ताईंकडे असताना?"

त्यांनी शेंग सोलून पुरी केली. "ती बोलली वाटतं."

"ताई काही बोलल्या नाहीत. तुमच्या पेशीत दिसलं."

तेव्हा मात्र त्यांनी वर बघितलं. इतकं चकित झालेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "काचेत दिसतं हे?"

"दिसतं. काय केलं होतं?"

"खडा होता लघवीच्या पिशवीत. लेझरनं फोडला."

"मग सर्जननं विचारलं तेव्हा नाही का म्हणालात?"

"त्यानं ऑपरेशन विचारलं. चिरफाड नाही, टाका नाही, त्याला ऑपरेशन कसलं म्हणायचं? नळी घातली, खडा फोडला, नळी काढली."

माझा तोल गेला. मी ओरडले. तुमचं मूत्राशय कापून टाकणार होते, तारीख धरली होती, कळतंय का तुम्हाला? कशासाठी लपवलंत? आम्ही कुणी परके होतो का?

त्या शेंगांकडे बघत म्हणाल्या, "तुला सांगितलं असतं तर तू उठून बसली असतीस. रिपोर्ट आण, डॉक्टर गाठ, पळापळ. तुला पडून राहायला सांगितलं होतं. आणि या घरात एका वेळी एकच पेशंट परवडतो." थोड्या वेळानं, "आता एकदा नाही म्हटलं की नाही म्हटलं. सगळ्यांसमोर कुठं फिरवत बसू?"

मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. त्या जुलैत तोंड फिरवून गेल्या, असं मी परवाच लिहिलंय. खोडत नाही. राहू दे तसंच.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

खडा फोडल्याची सगळी माहिती नवऱ्यानं त्या हॉस्पिटलमधून आणली. खडा जिथे रुतला होता तीच भिंत, गाठ उठली तीही तीच. सरांनी सर्जनला फोन करून तारीख रद्द करायला लावली. पण रिपोर्टवर सही केली नाही. "मला जे वाटतं ते वाटतं. पण मी चुकलो तर बाई जिवाला मुकेल. स्लाइड बाहेर पाठवू." दुसऱ्या शहरात एक तज्ज्ञ बाई आहेत, फक्त असल्याच गाठी बघतात.

म्हणजे पुन्हा वाट बघणं. फक्त आता भीती उलटी झाली आहे. परवापर्यंत आशा नव्हती, आज आहे. आणि आशा जास्त छळते.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

तज्ज्ञ बाईंचा फोन सरांनी स्पीकरवर घेतला. "जखमेनंतर उठलेली गाठ. कॅन्सर नाही. पण बूड शिल्लक असेल तर पुन्हा खरवडा आणि लक्ष ठेवा." सरांनी फोन ठेवला आणि चष्मा पुसत बसले. "केरॅटिननं मला फसवलं," म्हणाले. "मी सही करणारच होतो." मला वाटलं होतं, या क्षणी मी नाचेन. मी नुसती खुर्चीत बसून राहिले.

घरी सांगितलं. नवरा आईच्या गळ्यात पडला. त्या त्याची पाठ थोपटत माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू बघितलंस ना नीट?"

"बघितलं, आई."

"मग झालं." आणि त्यांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, पेपर उघडला. मुख्य म्हणजे आज या प्रश्नाचा मला राग आला नाही. का, ते कळत नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

उरलेलं बूड काढायला सकाळी सासूबाईंना नेलं. आत घ्यायला वेळ होता. हिरवा गाऊन घालून त्या पलंगावर बसल्या होत्या. पाय खाली पोचत नव्हते, आणि पहिल्यांदाच त्या मला लहान दिसल्या. नवरा कागदपत्रांसाठी खाली गेला होता.

एकाएकी त्यांनी विचारलं, "मुलगी होती का गं?"

काय म्हणतायत ते कळायला मला वेळ लागला. "कळण्याइतकी मोठी नव्हती, आई."

"हं." गाऊनची नाडी बोटाला गुंडाळत राहिल्या. "मी मुलगीच धरून चालले होते."

तेवढ्यात नर्स आली. मी पलंगाचा दांडा धरून दारापर्यंत गेले. पुढे जाऊ देत नाहीत.

८ डिसेंबर, सोमवार

दुसऱ्या वेळच्या तुकड्यांतही तेच. थोडं बूड, बाकी भरणारी जखम. सर म्हणाले, तीन महिन्यांनी दुर्बिणीतून बघायचं, मग वरचेवर. अशी गाठ पुन्हा उठू शकते. मी घरी "शकते" हा शब्द गाळला. नवऱ्यानं तरीही तो हुडकून काढलाच.

मधल्या काळात लिहिण्यासारखं काही नसावं, हीच इच्छा.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज तपासणी. सकाळपासून मला काही खाववलं नाही. दुर्बीण आत जाताना सर्जननं मला पडद्यासमोर उभं राहू दिलं. माझं जग पातळ कापांचं. आख्खं, जिवंत मूत्राशय मी कधी असं बघितलं नव्हतं. गुलाबी, ओलसर भिंत हळूहळू फिरत गेली. ती जागा आली तेव्हा मी पडद्याजवळ सरकले. पांढरा, गुळगुळीत व्रण. पुढे पुन्हा गुलाबी भिंत. सर्जननं दोनदा फिरून बघितलं आणि म्हणाला, "स्वच्छ."

"मला दाखवा की," सासूबाई आडव्या पडल्या पडल्या म्हणाल्या. त्यानं पडदा वळवला. त्यांनी नीट निरखलं. "रंग बरा दिलाय," म्हणाल्या. सर्जन इतका हसला की नर्सला दुर्बीण सांभाळावी लागली.

बाहेर आल्यावर नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सासूबाईंनी त्याच्या खिशातून फोन काढून घेतला आणि लेकीला लावला. "झालं. नाही गं, काही नाही. स्वच्छ आहे म्हणाला. मे महिन्यात परत... रडू नकोस. हो, सगळे आहेत इथे. बरं, ठेवते आता. सुनेची पाठ दुखतेय, सकाळपासून उभी आहे ती."

फोन बंद करून त्यांनी बाकावरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि मोकळ्या जागेवर हात आपटला. "बस."

मी बसले. पाठ खरंच सकाळपासून भरून आली होती. मी कुणाला सांगितलं नव्हतं.